जुनेदचा संच

मोताळ्याच्या कॉलेजात जुनेद संगणक शिकवायचा. इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलांसाठी त्यानं मराठी शब्दांची प्रोग्रामिंग भाषा रचली होती. तिचा कंपायलर, म्हणजे तिच्यातलं लिखाण यंत्राला समजेल असं करून देणारा प्रोग्राम, त्यानं आधी सी भाषेत लिहिला. तो चालू लागल्यावर त्याच्याच जोरावर नवा कंपायलर स्वतःच्या मराठी भाषेत लिहिला आणि सीमधला पुसून टाकला.

भाषा वर्गात जाण्याआधीच साखरेच्या आजारानं त्याचे डोळे नेले, मग किडन्या. नोकरी सुटली. कॉलेजनं दिलेला संगणक परत नेऊन नव्या सरांसाठी कोरा केला. चालता कंपायलर त्यातच होता.

बहीण मलिहा घरी शिवणकाम करायची. तिच्याकडच्या पेन ड्राइव्हवर त्या मराठी कंपायलरचा लिहिलेला कोड मात्र शाबूत होता. शब्द मराठी, त्यामुळे घरच्या जुन्या लॅपटॉपवर तिनं तो जुनेदला वाचून दाखवला.

"हे यंत्राला समजावणारा कंपायलरच आता राह्यला नाही," तो म्हणाला. "पुन्हा सीपासून लिहा लागते."

"तू सांगत जाय, भाई. मी टाइप करीन."

त्यांनी संचापासून सुरुवात केली. प्रोग्राममध्ये कोणती नावं येऊन गेली हे कंपायलरला संचात ठेवावं लागतं. एकच नाव कितीदाही टाकलं तरी तिथं एकदाच राहतं. सीमध्ये संच तयार मिळत नाही, हातानं बनवावा लागतो. जुनेद एकेक कंस सांगायचा, मलिहा इंग्रजी अक्षरं शोधत टाइप करायची. बुलढाण्याहून डायलिसिस करून आला की तो नुसता पडून राहायचा.

एका दुपारी आदल्या दिवशीचाच भाग तो पहिल्यापासून सांगू लागला. मलिहा बोटं न हलवता ऐकत राहिली.

"झालं टाइप?"

"हे कालच झालं, भाई."

"मंग मधातच काऊन नाही सांगितलं?"

त्या दिवशीचं काम तिथंच थांबलं.

संच शेवटी चालला. मलिहानं एकच नाव पुन्हापुन्हा टाकलं, मोजणी एकच आली. त्यानं तिला ते परत करायला लावलं. शब्द ओळखणारा पुढचा भाग सुरू होण्याआधीच, हिवाळ्यात, डायलिसिस चालू असतानाच तो गेला.

मलिहा पेन ड्राइव्ह घेऊन नव्या सरांकडे गेली. त्यांनी बराच वेळ पाहिलं. काम चांगलं आहे, पण पुढचं सगळं जुनेदसरांच्या डोक्यात होतं, असं ते हळू आवाजात म्हणाले. तिनं मान हलवली आणि घरी येऊन एका लग्नघरचे ब्लाउज बेतायला घेतले.