दस्त्याचा रंग

अण्णांचा शेवटचा धड दिवस म्हणजे खंडेनवमी. माझे वडील पलटणीत आर्मरर होते. लढणाऱ्यांच्या बंदुका दुरुस्त ठेवायचं काम. निवृत्त होताना त्यांनी मोडीत निघालेल्या एका बंदुकीचा तडकलेला लाकडी दस्ता साहेबांकडून मागून आणला होता. दरवर्षी खंडेनवमीला करवत, पकड, विळी यांच्या रांगेत तोही पाटावर बसे. आधी जवसाचं तेल, मग हळदकुंकू. त्या सकाळी तेल तळहातावर घेऊन ते दस्ता चोळत होते, वाकडी करंगळी नेहमीसारखी बाजूला ठेवून. अक्रोडाचं लाकूड मुळात मधाच्या रंगाचं असतं, असं ते सांगत. हा दस्ता डांबरासारखा काळा होता. का, ते मी कधी विचारलं नाही. मी चहा देऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी हातात आपट्याची पानं असतानाच ते दारात खाली बसले. दवाखान्यात शुद्ध येई तेव्हा एकच विचारत, "रजा मंजूर झाली का?" सिस्टर हसायची. मी म्हणे, आधी बरे व्हा. ते घरी परत आलेच नाहीत.

आता दुपार आहे. जेवण उरकून मी आडवी होते. दस्ता समोरच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला आहे. पंख्याची घरघर लांब जाते, आणखी लांब, एखादा ट्रक घाट चढत असावा तशी. तहान लागते म्हणून मी उठून स्वयंपाकघरात जाते. पायाखाली फरशी नाही, ओला चिखल आहे. ताटाळ्यात ताटांच्या जागी बंदुका उभ्या आहेत. वर ताडपत्री फडफडते. अण्णा पाटावर बसलेत, माझ्याकडे पाठ करून.

"आलीस, वच्छे? पडदा ओढ. धूळ येते."

मी पडदा ओढते. ते मान वळवत नाहीत. हात चालू आहेत.

"अण्णा, हे दस्ते इतके काळे कसे होतात?"

"आत्ता विचारतेस होय," ते म्हणतात. "इतकी पुस्तकं वाचलीस, त्यात नव्हतं?"

होतं. जवसाचं तेल हवा पिऊन हळूहळू गडद होतं, एवढं मी वाचलं होतं. ते हसतात आणि सांगू लागतात. छावणीत असलं की जुनं पुसायचं, पातळ हात द्यायचा, उन्हात सुकवायचं. लढाईत ऊनही नाही आणि सवडही. घाम, चिखल, धूर, त्यावरच तेल. ते वाळायच्या आत त्यावर धूळ, धुळीवर परत तेल. जवसाचं संपलं तर बंदुकीचं, तेही संपलं तर ट्रकचं. एकदा तर एका जवानाच्या आईने डोक्याला लावायला पाठवलेलं ब्राह्मीचं तेल त्यांनी दस्त्याला चोळलं होतं. महिनाभर पोरं त्याला चिडवत होती, दुश्मन आधी वासाने पळेल म्हणून. ज्या जागी गाल टेकतो तिथे लाकूड सगळ्यात काळं, कारण तिथे माणसाचा घाम जिरतो.

"तो जवान?"

"त्याचा दस्ता आपल्या घरी आहे," अण्णा म्हणतात.

मग ते वळतात. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे आहेत, चकचकीत, आत लाकडाच्या रेषा दिसाव्यात तसे. मी पदराने पुसू लागते. पदराला काहीच लागत नाही.

"पुसून निघायचं नाही आता. थरावर थर."

तंबू लांबत जातो. दोन्ही बाजूंना दवाखान्याच्या खाटा आहेत आणि प्रत्येक खाटेवर चादर पांघरलेली एकेक बंदूक. सिस्टर सलाईनची बाटली बदलते. बाटलीत पिवळं तेल आहे. अण्णा एक दस्ता पुरा करतात, खाली ठेवतात, आणि मांडीवर दुसरा असतोच. कुणी दिला ते दिसत नाही. काळेपणा त्यांच्या खांद्यापर्यंत आला आहे. मी बघत असतानाच तो गळ्याला लागतो.

"चेहऱ्यापर्यंत आला की?"

"मग तुला मी ओळखू येणार नाही. नुसतं लाकूड दिसेल."

"मग उठा ना, अण्णा. घरी चला."

"विचारल्याशिवाय जागा सोडता येते का, वच्छे?" आता काळेपणा हनुवटीपाशी आहे. ते अगदी हळू, साहेबांना विचारावं तसं विचारतात. "रजा मंजूर झाली का?"

मी तोंड उघडते. बाहेर येतं ते तेच, आधी बरे व्हा.

ते मान हलवतात. रागावत नाहीत. तेलात बुडवलेला हात माझ्या गालावर ठेवतात. हात गार आहे, त्याला नाडी नाही.

पंखा फिरतो आहे. ऊन खिडकीतून भिंतीवर आलं आहे. माझा गाल चिकट लागतो. मी उठून उशी बघते. पांढऱ्या अभ्र्यावर तपकिरी तळहात उमटला आहे, बाजूला पडलेल्या वाकड्या करंगळीसकट. हुंगते. जवस.

खिळ्यावरून मी दस्ता काढते. वाटलं होतं त्याहून जड आहे. सगळ्यात काळी जागा शोधून तिथे गाल टेकवते. घरात कुणी नाही. 

"अण्णा, रजा मंजूर झाली," मी मोठ्याने म्हणते. "परत हजर व्हायचं नाही."