आलेखाची शेपटी

प्रयोगशाळेत आज मी आलेखाखालचे चौकोन मोजत होते. विजेचा प्रवाह वेळेनुसार कसा घटतो ते दाखवणाऱ्या रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे वाहून गेलेला एकूण विद्युतभार. माझं उत्तर दोनदा कमी आलं. मॅडमनी वही परत दिली. "शेपटी सोडलीस. तिथलेही मोज."

शेवटी रेषा खालच्या अक्षाला जवळजवळ टेकते. तिथे काही उरलं नाही, असं मी धरलं होतं.

बाबा भांड्यांना विजेच्या प्रवाहाने मुलामा देण्याच्या कारखान्यात कामाला आहेत. घरी आल्यावर त्यांना म्हटलं, "वर्गात सगळ्यांना लगेच कळतं. मला वेळ लागतो. कॉलेज सोडावंसं वाटतं."

हातावरचे डाग घासता घासता ते माझ्या उघड्या वहीतल्या आलेखाकडे बघत राहिले. काय मोजायचं ते मी सांगितलं.

"करंट कमी असला की आम्ही भांडं जास्त वेळ बुडवून ठेवतो, पोरी. थर तेवढाच बसतो. घाईनं करंट वाढवला तर जळतो."

मी पुन्हा पेन्सिल घेतली. अर्धे चौकोन, पाव चौकोन, नुसते कोपरे. डोळे दुखत होते. जिथे मी शून्य धरलं होतं, तिथे बावीस चौकोन निघाले.