बोटांवरचा डाग

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. सासरी आल्यापासून पिंपळाखालून एकटी सरपण आणायचे; भीती वाटायची ती माणसांची. तरी हे लिहितेय, कारण ते माझ्या डोळ्यांदेखत, भर दुपारी घडलं... तीर्थपुरीच्या आमच्या घरात, पंख्याखाली.

आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलाने चौकात फ्लेक्स लावायचं ठरवलं. नात सायली कॉम्प्युटरवर चित्रं काढते. लग्नाचा एकुलता एक ब्लॅक-अँड-व्हाइट फोटो तिने स्कॅन केला. पडद्यावर मुंडावळ्या बांधलेली ती येडी दिसली — म्हणजे मीच. एरंडेल पाजल्यासारखं तोंड.

"आजी, बोटांवर काळं काय हाय गं? फोटोला बुरशी लागली का?"

"असंल."

तिने ब्रश घेतला. शेजारच्या कातडीचा रंग उचलायचा आणि डागावर फिरवायचा, असं ते काम. बोटं स्वच्छ झाली. सेव्ह केलं, चहा प्यायलो, फाइल उघडली — डाग जागेवर.

"सेव्ह न्हाई झालं वाटतं." पुन्हा पुसला. पुन्हा आला. मग तिने जाड ब्रशने त्यावर मेंदीच काढली. फाइल बंद करून उघडली, तर मेंदी गायब, डाग हजर. बाकी सगळं बराबर. शालूला दिलेला लाल रंग, ह्यांच्या टोपीची काढलेली चुरगळ. फक्त ती बोटं...

"आजी, तू काही केलंस का?"

"मला माउस तरी धरता येतो का गं?"

डाग कसला, ते मला ठाऊक होतं. मॅट्रिकचे पेपर चालू होते. भूमितीचा राहिला होता आणि नेमकी त्याच दिवशीची तिथी निघाली. आदल्या दिवशी पेन गळालं. काकूने लिंबू चोळलं, राख चोळली. शाई निघाली नाही. सासरचे म्हणाले, "ऑक्टोबरला बसवू तिला परीक्षेला." आणि ही शहाणी मंगलाष्टकं चालू असताना मनात प्रमेयं घोकत उभी. कुठल्या सालचा ऑक्टोबर, हे विचारायची अक्कल नव्हती.

सायली वैतागून म्हणाली, "मंग खांद्यापासून खालचा फोटोच कापते."

"हात कापू नको," मी म्हणाले. एवढंच.

छापायच्या दुकानात तिने डाग शेवटचा पुसला. मी शेजारीच होते. पडद्यावर बोटं साफ होती, तिथूनच छापलं. चौकात फ्लेक्स चढला, तेव्हा डाग ताटाएवढा.

ह्यांनी मान वर करून पाहिलं. "बोटाला काय लागल्तं तुझ्या?"

"शाई."

"लग्नात शाई कशाला लावल्ती?"

पन्नास वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी म्हणाले, "हौस."

सायली म्हणते, सॉफ्टवेअरमध्ये गडबड असेल. असेल. पण बोहल्यावर चकार शब्द न काढणारी ती पोर आता कुणाचंच का ऐकत नव्हती, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. तो फ्लेक्स आता शेतात कडब्याच्या गंजीवर टाकलाय. उन्हाने ह्यांचा चेहरा उडाला, माझाही उडाला, शालूचा लाल रंग गेला.

बोटं तेवढी काळीच आहेत.