गाळलेलं अर्धं वाक्य

ही गोष्ट मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेली नाही. बायकोच्या तर नाहीच — तिच्यापासूनच ती सगळ्यांत जास्त लपवली आहे. तुम्हांला सांगतो आहे, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. ओळखीच्या माणसासमोर हा विषय काढायचा म्हटलं की माझं तोंड उघडत नाही. सरळ सांगायला जमेल असंही वाटत नाही. आधी थोडं इकडचं तिकडचं बोलेन, ते चालवून घ्या.

मी शिक्षण खात्याच्या एका तालुका कार्यालयात कारकून होतो. तालुक्याचं नाव सोडून द्या. उत्तर गोव्यातला, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेला. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, चार टेबलं, एक साहेब, आणि टाइपरायटरपाशी मी. तालुक्यातल्या सगळ्या सरकारी प्राथमिक शाळा या दोन खोल्यांतून चालायच्या — म्हणजे कागदावर चालायच्या. कुठे छप्पर गळतं, कुठे बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत, कुठे फळा फुटलाय, हे सगळं मास्तर मंडळी मराठीतून लिहून पाठवायची. पणजीला मात्र जायचं ते इंग्रजीतून. मधला माणूस मी. मराठीचं इंग्रजी करणं हे माझं काम, आणि ते मी चोख करायचो. साहेब न वाचता सही करायचे.

गोवा वेगळं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. कोकणी की मराठी, यावरून माणसं एकमेकांच्या घरी चवथीच्या गणपतीला जायची बंद झाली होती. मी मराठीवाला. सभांना जायचो, घसा बसेपर्यंत बोलायचो — आमच्या पोरांच्या तोंडचा शब्द काढून घेऊ नका, असलं काहीबाही. टाळ्या पडायच्या. आता ते आठवलं की माझी मलाच शिसारी येते.

सुमन, माझी बायको, तिथल्याच एका एकशिक्षकी शाळेवर होती. दोडामार्गकडे जाणाऱ्या बसमधून उतरायचं, मग गावातल्या मोठ्या शाळेवरून पुढे, व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडला की वाडी. एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, काजूच्या बागा, आणि त्या बागांत कामाला सावंतवाडीकडून आलेली सात-आठ कुटुंबं. शाळेत मुलं अकरा. आईबाप सगळे अंगठेबहाद्दर, पण मुलं रोज येत. सुमन घरी आली की त्या अकरा मुलांच्याच गोष्टी सांगायची. त्यात तिसरीतली शेवंती जरा जास्तच. ती धडा वाचायला लागली की तिची आई दाराबाहेर विळा घेऊन उभी राहायची, असं सुमन सांगे.

मला त्या गोष्टींचा कंटाळा यायचा. हे आधी सांगून टाकतो.

का यायचा? सुमन सकाळी सहाला घर सोडायची ती दुपारी तीनला परत. आमचा मुलगा दीड वर्षाचा, तो माझ्या आईकडे असायचा, आणि आई उठता-बसता माझं डोकं खायची — सून लोकांची पोरं शिकवते, आपलं पोर कोण बघणार? मी दुपारी जेवायला घरी यायचो तर सकाळचं गार हुमण, माशाची आमटी. सुमनचे किती हाल होतात ते मला बघवत नाही, असं मी चारचौघांत म्हणायचो. खरं सांगू? मला दुपारी गरम जेवायला हवं होतं. एवढंच. इतकी लहान गोष्ट होती.

मग बदली का नाही मागितली? बदलीसाठी कुणातरी मोठ्या माणसाच्या पडवीत जाऊन बसावं लागे. आणि मी म्हणजे वशिला न लावणारा माणूस! ऑफिसात माझी तशी ख्याती होती आणि ती मला फार प्रिय होती. तेव्हा तेही नको, गार हुमणही नको.

अशात वरून एक परिपत्रक आलं. कमी मुलांच्या शाळांजवळ, चालत जाण्याच्या अंतरावर दुसरी शाळा असेल तर त्यांची यादी पाठवा. अशा शाळा जोडून टाकायच्या, आणि तिथला शिक्षक अतिरिक्त ठरवून रिकाम्या जागेवर पाठवायचा. रिकामी जागा कुठे होती ते मला माहीत होतं. बाजाराजवळच्या शाळेत, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर.

प्रत्येक शाळेचं माहितीपत्रक ऑफिसात होतंच. सुमनच्या शाळेचं सुमनच्याच अक्षरात. जवळच्या शाळेच्या रकान्यात तिने लिहिलं होतं — ‘अंतर सुमारे एक किलोमीटर. वाटेत व्हाळ. सांकव आहे, पावसाळ्यात काढतात.’

सांकव म्हणजे माडाचे दोन सोट व्हाळावर आडवे टाकायचे, वर पोफळीच्या फळ्या बांधायच्या, धरायला एक बांबू. वाडीतले लोक दिवाळीनंतर तो घालायचे आणि मिरगाच्या आधी सोडवून वर नेऊन ठेवायचे. नाहीतर व्हाळ तो घेऊन जाई. जूनपासून दिवाळीपर्यंत पलीकडे जायचं तर डोंगराला वळसा घालून मोटाररस्त्याच्या पुलावरून, दीड-दोन तास चालत. सुमन पावसात त्याच वाटेने जायची. हे मला कुणी सांगायला नको होतं — एकदा जुलैत मी स्वतः तिला पोचवायला गेलो होतो. व्हाळाचं ते लाल पाणी मी पाहिलं होतं. सहा वर्षांचं पोर त्यात उतरू शकत नाही, हे मी पाहिलं होतं.

मी इंग्रजीत टाइप केलं — अंतर एक किलोमीटर. वाटेत ओढा. ब्रिज आहे.

आणि पूर्णविराम दिला.

विसरलो नव्हतो. ओळीत जागा होती. आणखी चार शब्द सहज मावले असते. बोटं मशीनवर ठेवून मी थोडा वेळ तसाच बसलो होतो, ते मला नीट आठवतं. ‘सांकव’ला इंग्रजीत दुसरा कुठला शब्द आहे, असं मी स्वतःला विचारलं सुद्धा. उरलेल्या अर्ध्या वाक्याला तर शब्द होते ना? ते मी गाळलं. साहेब नवे, दक्षिणेकडचे, त्या बाजूला कधी फिरकलेले नाहीत. त्यांनी सही केली.

एप्रिलात आदेश आला. सुमन तो हातात घेऊन स्वयंपाकघरात बसली होती. मला म्हणाली, “तुमच्या सायबाक सांकव म्हणजे काय ता कळला नाय?”

मी म्हटलं, वरच्या लोकांचं काम, आपल्या हातात काय असतं?

तिने मान हलवली. तिला पटलं. माझ्यावर संशय घ्यावा असं तिच्या मनात कसं यावं? मी तर साधी बदलीसुद्धा न मागणारा नवरा.

जूनपासून मला दुपारी गरम जेवण मिळू लागलं.

इथे थांबलो असतो तरी, एका दुपारी एक पाप झालं, असं म्हणता आलं असतं. पण मी थांबलो नाही. हे पुढचं सांगायला मला जास्त जड जातं आहे.

सुमन शनिवारी सुट्टी झाल्यावर वाडीवर गेली, वळशाच्या वाटेने. मुलं घरीच होती. पहिले काही दिवस बापांनी खांद्यावर घेऊन उतरवली, मग पाणी चढलं तसं बंद. शेवंतीची आई तिला म्हणाली होती, “बाईनू, एवढ्या पाण्यात पोरां खंयसून उतरतली? तुमीच काय ता करा.” सुमनने तिथेच बसून अर्ज लिहिला — शाळा पुन्हा सुरू करा, निदान पावसाळ्याचे चार महिने तरी. खाली आईबापांचे अंगठे. आणि प्रत्येक अंगठ्याशेजारी नाव. ती नावं शेवंतीने लिहिली होती, शिसपेन्सिलीने, तिसरीतल्या अक्षरात, रेघ सोडून वर गेलेली.

तो अर्ज सुमनने माझ्या हातात दिला. साहेबांपुढे तुम्हीच ठेवा, म्हणाली.

मी तो नेला. साहेबांपुढे ठेवला असता तर त्यांनी विचारलं असतं — ब्रिज आहे ना? मग फाइल निघाली असती, सुमनचं पत्रक निघालं असतं, आणि माझी ओळ. मी अर्जाची आवक-वहीत नोंदच केली नाही. माझ्या खणात ठेवला. घरी सांगितलं, दिला. दोन आठवड्यांनी सांगितलं, पणजीला गेला. मग सांगितलं, मी स्वतः साहेबांबरोबर पणजीला जाऊन आलो. मग पुन्हा एकदा जाऊन आलो. ती विचारत राहिली आणि मी जाऊन येत राहिलो. पुढे कधीतरी तिने विचारणं सोडलं.

आणि त्या मोठ्या शाळेचा पट? त्या वर्षी आमचा अहवाल छान झाला. एक अडचणीची शाळा कमी, दुसऱ्या शाळेचा पट अकराने वाढलेला. वरून शाबासकीचं पत्र आलं. साहेबांनी ते मला वाचायला दिलं. कागदावर ती अकरा मुलं रोज व्हाळ ओलांडून शाळेत जात होती.

पाणी ओसरल्यावर मुलगे काही परत गेले. पाचही मुली गेल्या नाहीत. तोवर त्या घरच्या कामाला लागल्या होत्या, धाकट्यांना सांभाळू लागल्या होत्या. वर्षअखेर त्यांची नावं कमी करायची होती. मुख्याध्यापकांनी कारणाचा रकाना रिकामा सोडला होता. तो मी भरला — ‘स्थलांतर’. माणसं सिंधुदुर्गातली, मजुरी करणारी. ती गेली म्हटलं की कुठे गेली, कोण विचारतो? कुणी विचारलं नाही.

त्या गेल्या नव्हत्या. व्हाळापलीकडेच होत्या.

निवृत्त होताना खण रिकामा केला तेव्हा अर्ज हाती आला. शिसपेन्सिल फिकी झाली होती, तरी नावं वाचता येत होती. मी ती सगळी वाचली. मग कागद रद्दीत टाकला.

आता शेवटचं. गेल्या वर्षी, मे महिन्यात, एक बाई मुलीला घेऊन आमच्याकडे आली. तुयेच्या एका कारखान्यात पॅकिंगला असते म्हणाली. मी ओळखलं नाही, सुमनने चेहऱ्यावरून ओळखलं. शेवंती. मुलगी पाचवीत जाणार होती, प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता. तो तिने सुमनपुढे ठेवला.

“बाईनू, तुमीच भरा. अक्षरां वळखतंय, पण वाचूक काय जमणा नाय.”

सुमनने चष्मा लावला. फॉर्म भरता भरता तिचे डोळे भरून आले आणि मग ती बोलू लागली. तुझा काही दोष नव्हता गं, म्हणाली. तुमचा अर्ज आम्ही सोडला नव्हता. आणि माझ्याकडे हात करून — “ह्येंनी पणजेक किती फेऱ्यो मारल्यो तुमच्यापायी. कोण आयकाकच तयार नाय.”

मी कोपऱ्यात खुर्चीवर होतो. तेव्हा बोलता आलं असतं. दोघी समोर होत्या, त्या मुलीखेरीज घरात दुसरं कुणी नव्हतं. सुमन आज पलीकडच्या खोलीत पेपर वाचते आहे, तिला मी अजूनही काही बोललेलो नाही.

शेवंती माझ्याकडे बघत राहिली. “माका म्हायत नाय हुता,” म्हणाली. मग उठून जवळ आली, वाकली, माझ्या पायांना हात लावला, आणि मुलीलाही लावायला सांगितला.

मी पाय मागे घेतले नाहीत.