जुन्या मालाची गाठोडी

आमच्या अनसिंगात संघपालदादांचं टिनाचं शेड माझ्या भिंतीला लागून आहे. पुसद रस्त्यानं धावणाऱ्या कोणत्याही जुन्या जीपचा गिअर खरखर करू लागला, की ती आधी इथेच यायची. 'यायची' हे मी मुद्दामच लिहिलं.

दादांची एक रीत होती. गिअरबॉक्स खोलला, की त्यातून निघालेली झिजकी चाकं, बेअरिंगं, रिंगा एका फडक्यात बांधायच्या आणि गाडी नेताना मालकाच्या हातात ठेवायच्या.

"हे तुहं जुनं. घरी ने. म्हंजे मी नवं टाकलं का नाही, थे तुले समजते."

बाकीचे मिस्त्री हाच माल भंगारात घालून भजी खातात. मी म्हणायचो, "दादा, ओटी भरून पोरगी सासरी धाडून राह्यले का?" दादा हसायचे नाहीत. गाठ मात्र दोनदा मारायचे.

साठी जवळ आली तशी त्यांची नजर उतरली. वाशिमहून चष्मा आणला, जाड काचेचा, काळी दोरी लावलेला. आता असा चष्मा समोर आल्यावर मी गप्प बसणारा माणूस आहे का? रोज सकाळी भिंतीवरून हाक द्यायचो, "जयभीम मास्तर! आज कोणता धडा?" शेडमधली गिऱ्हाइकं खो-खो हसायची. दादांचे कान लाल व्हायचे.

रामनवमीच्या आधी मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा हेमला जीप घेऊन आला. पोहरादेवीच्या यात्रेत त्याचा मुलगा किशन तीच जीप चालवतो. दुसरा गिअर पडताना दात किरकिरत होते. दोष पितळी रिंगेचा. ही रिंग चाकांचा वेग जुळवते, मग गिअर गुपचूप पडतो; तिच्या आतले बारीक चर झिजले, की दातांवर दात आपटतात. दादांची परीक्षा साधी होती. रिंग चाकावर दाबून बसवायची आणि मधल्या फटीत नख घालायचं. नख शिरलं तर रिंग चांगली.

त्या दिवशी नव्या रिंगेत नख शिरलं. दादांनी ती पेपरवर ठेवली. शेजारीच डिझेलनं धुतलेली जुनी रिंग होती, तीही लखलखत होती. तेवढ्यात मी चहा घेऊन गेलो.

"हेमलाभाऊ, जरा सांभाळून," मी म्हणालो. "मास्तर तुमच्या जीपले नापास करतीन बरं!"

हेमला पोट धरून हसला. दादांनी चष्मा काढून खिशात टाकला, चहा प्यायले, आणि तसेच कामाला लागले.

यात्रेच्या दिवशी चौदा माणसं भरलेली जीप चढावर दुसऱ्या गिअरला अडली. किशन दांडा ढकलत राहिला, जीप मागे सरकली आणि कडेच्या नालीत कलंडली. बाकीचे खरचटण्यावर सुटले. हेमलाच्या बायकोचा, सोनीबाईचा, उजवा हात मोडला.

हेमला तिसऱ्या दिवशी जीप दोरानं ओढत शेडवर आला, तो किशनला घेऊनच. "दादा, गाडी तुमी बनवली म्हंजे खोट गाडीत नाही. हाच गधा हाय. याच्या हाती आता चाबी देत नाही."

किशन मान खाली घालून उभा. दादांनी फक्त हूं म्हटलं असतं, तरी चाललं असतं. कोणाला काही कळणार नव्हतं.

"माही गाठोडी कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

गाठोडी जीपच्या सीटखालीच होती, गाठसुद्धा सुटलेली नव्हती. दादांनी रिंग काढली, आतून बोट फिरवलं. मग किशनचं बोट धरून फिरवलं. "टोचते?"

"टोचते, काका."

"मंग हे नवी हाय. जुनीच मी आत टाकली." हेमलाकडे वळून म्हणाले, "पोराले चाबी दे. सोनीबाईचा हात मी मोडला."

हेमलानं पुन्हा दोर बांधला. जीप तशीच टोचन करून दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली.

ही गोष्ट स्टँडवर आठ दिवसांत कोणी पोचवली, ते विचारू नका. गोष्टच अशी, की सांगताना हात आपोआप हलतात: म्हातारा नवा माल गाठोडीत बांधतो आणि जुना गाडीत कोंबतो! लोक हसून लोळायचे. आता जीपवाले शेडवरून सरळ पुढे जातात. जे मिस्त्री गाठोडी देतच नाहीत, त्यांच्याकडे रांग आहे. माझ्या सांगण्यात चहा आणि चष्मा मात्र एकदाही आला नाही.

दादा आता फवारणीचे पंप दुरुस्त करतात. वायसर बदलताना चष्मा लावतात, मी भिंतीच्या फटीतून पाहिलंय. मी चहा घेऊन दारात गेलो, की काढून खिशात ठेवतात. मी काहीच म्हणत नाही, तरीही.