उघाडीवरची पेटी

मी रोह्यात एक बटण दाबलं आणि पेणच्या खाडीचं पाणी शेतात शिरलं. मनात हजारदा म्हणून झालं तरी हे वाक्य मला अजून खरं वाटत नाही. बटण दाबलं तेव्हा मी कंपनीतल्या टेबलाशी चहा पीत बसले होते. पाणी शिरलं ते त्यानंतर पाच महिन्यांनी, वडखळच्या पुढे खाडीकाठी असलेल्या माझ्या माहेरच्या गावात.

आमचं गाव खारजमिनीतलं. शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, मध्ये मातीचा बांध, आणि बांधात उघाडी, म्हणजे पाण्याची दारं. ओहोटीला उघाडीच्या लाकडी फळ्या काढायच्या आणि शेतात तुंबलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. भरती चढायच्या आत फळ्या परत टाकायच्या. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला हे चुकलं तर खारं पाणी भातात येतं, लावणी करपते, आणि जमीन पुढची दोन-तीन वर्षं रुसून बसते. ही उघाडी चाळीस वर्षं माझे बाबा राखत होते. गावकीनं कधीकाळी सांगितलं, यांनी 'व्हय' म्हटलं, एवढाच काय तो करार. पण लग्नकार्यात पानावर बसवताना 'उघाडीवाले' म्हणून त्यांना पहिल्या पंगतीत बोलवायचे, आणि बाबा ते ऐकू न आल्यासारखं करून दुसऱ्या हाकेला उठायचे. दुसरी हाक त्यांना आवडायची.

घड्याळ त्यांनी कधी वापरलं नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि आमची खाडी लांब म्हणून वर अर्धा-पाऊण तास. मी शाळेत पाऊणकी शिकले ती पाढ्यांच्या पुस्तकातून नव्हे, बांधावर.

मग त्यांचा गुडघा गेला. गेल्या पावसाळ्यात दोनदा बांधावरून घसरले आणि दोन्ही वेळा आईला सांगितलं की चिखल मुद्दाम लावलाय. मी रोह्याला, पुलापलीकडच्या अष्टमी गावात राहते आणि कारखान्यांना लागणारी इलेक्ट्रॉनिक बोर्डं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करते. मला वाटलं, एवढ्या केमिकलच्या टाक्यांना मी भोंगे लावते, बापाच्या उघाडीला एक लावता येऊ नये?

पाण्याची पातळी बघणारा सेन्सर दोनदा गाळात बसला, तेव्हा मी वेगळा मार्ग धरला. पेटीत एक तळहाताएवढा संगणक, त्यात भरतीचं गणित, आणि वर भोंगा. पाणी उघाडीच्या उंबऱ्याशी यायच्या आधी तासभर तो वाजणार. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती लहान असते तेव्हा, पाणी उंबऱ्यापर्यंत येतच नाही, म्हणून तेव्हा पेटी गप्प राहणार.

आता माझ्या शहाणपणाकडे येते. संगणकाचा जो गाभा असतो, कर्नल, तो मी स्वतः बांधायचा ठरवला. गरज होती असं नाही, खाज होती. माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर एका जातीचा, पेटीतला एआरएम जातीचा, त्यामुळे बांधायचं इथे आणि चालवायचं तिथे. त्या जातीसाठी तयार मिळणारी पर्यायांची यादी घेतली तर ती जगातल्या सगळ्या बोर्डांना पुरेल अशी अवाढव्य असते. निळ्या पडद्यावर मेनू उघडतो, मेनूच्या पोटात मेनू. साउंड कार्ड हवं? जॉयस्टिक हवी? कॅमेरा हवा? प्रत्येकाला तीन उत्तरं. वाय म्हणजे गाभ्यात घ्या. एन म्हणजे नको. आणि एम म्हणजे बाजूला तयार ठेवा, लागलं तर मागाहून आत घेऊ.

मला टाकून द्यायला फार आवडतं. माझ्या घरात नवरा स्वतःच्या जुन्या चपला लपवून ठेवतो. दोन दिवस मी एन, एन, एन करत सुटले. गाभा निम्म्याहून लहान झाला. चालू केल्यावर चाळीस सेकंदात उठणारी पेटी नऊ सेकंदांवर आली. नऊ मला खुपायला लागले. घड्याळाच्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे गाभ्याची तिच्याशी गाठ घालून देणारा प्रोग्राम, उठताना थोडा वेळ खात होता. बटणाएवढ्या सेलवर चालणारी ती चिप, लाईट गेली तरी वेळ सांभाळणारी. ती टाकून देण्याइतकी मी वेडी नव्हते. मी फक्त वायचं एम केलं. पेटी सहा सेकंदात उठली, आणि मी टेबलावर थाप मारून शेजारच्या दोघांना बोलावून दाखवलं.

आमच्या बोर्डावर चालणारा तो गाभा जुना. तो उठता उठता एकदाच घड्याळाला वेळ विचारतो. तेव्हा ड्रायव्हर आत नसला तर तो दुसऱ्यांदा विचारत नाही. एक जानेवारी एकोणीसशे सत्तर, जिथून त्याची वेळेची मोजणी सुरू होते तो दिवस, धरून चालायला लागतो. हे मला माहीत होतं! आजही सगळ्यात जास्त धक्का त्याचाच बसतो. कंपनीत ते कळलं नाही, कारण तिथलं नेटवर्क पेटीची वेळ लगेच दुरुस्त करत होतं. बांधावर कसलं नेटवर्क? तिथे मी हातानं वेळ घातली आणि नारळ फोडला. पेटीच्या आत दोन तास टिकणारी बॅटरी होती, त्यामुळे तासाभराच्या लाईट जाण्यानं तिला काही झालं नाही. वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, भोंगा असा वाजत राहिला की बाबांची पाऊणकी आणि माझी पेटी पाच मिनिटांच्या आत जुळायची.

गाव खूश. बाबा सोडून. ते भोंगा वाजायच्या आधीच बांधावर जाऊन उभे राहायचे. मला राग यायचा. शेवटी आषाढी अमावस्येला मी हट्टच धरला. आमच्या नव्या घरी बाबा एकदाही आले नव्हते, पावसाळ्यात तर ते गाव सोडतच नसत. म्हटलं, या दिवशी या म्हणजे या. दुपारच्या भरतीला शेजारचे काका फळ्या टाकतील, भोंगा ऐकून जायचं, त्यात काय?

ते आले. पहाटेच्या ओहोटीला स्वतः फळ्या काढून, सकाळच्या एसटीनं, धोतराला इस्त्री करून. घर बघितलं, गॅलरीतून कुंडलिका नदी बघितली, पोहे खाल्ले. दहा वाजता म्हणाले, "आता वाजला असंल."

"वाजलाच," मी म्हटलं.

थोड्या वेळानं म्हणाले, "आईला फोन लावतेस काय?"

"बाबा, विश्वास नाही ना माझ्यावर?"

ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मीही फुगले. फोन हाताशी होता आणि मी कांदा चिरत राहिले. चांगला अर्धा-पाऊण तास मी तो फोन लावला नाही. आई जवळच होती, काका जवळ होते, एक हाक मारली असती तरी काम झालं असतं.

शेवटी, त्यांना खोटं पाडायला म्हणून फोन लावला. "आई, भोंगा वाजला ना गो?"

"नाय वाजला. मी म्हनलं आज भरती लहान हाय की काय. काका पन वाट बघून ऱ्हायलेत. लाईट सहापास्न नव्हती गो, नवाला आली."

सहा ते नऊ. तीन तास. बॅटरी दोन तासांची. मला त्या क्षणी सगळं दिसलं, त्या निळ्या पडद्यावरचं ते एम अक्षरसुद्धा. पायाखालची वाळू सरकते म्हणतात, माझी फरशी सरकली. मी ओरडले, "काकांना पळायला सांग, फळ्या टाका, आत्ता!" आणि मागे वळले तर बाबा चपला घालून दारात उभे होते.

गाडी मी चालवली. नागोठणं कधी गेलं, वडखळचा नाका कसा ओलांडला, काही आठवत नाही. बाबा एकदाच बोलले, "सावकाश."

आम्ही पोचलो तेव्हा पूर्ण भरती होती. आई, काका आणि आणखी दोघीजणी कमरेएवढ्या पाण्यात. सहापैकी चार फळ्या बसल्या होत्या; उरलेल्या दोन पाण्याच्या जोरानं खाचेत उतरेनात. गढूळ पाणी आत धावत होतं. मी ते बघत उभी राहिले. बाबा गुडघ्याचं विसरून उतरले आणि काकांना म्हणाले, "तिरपी धर, वरून दाब." पाचवी बसली. सहावी बसायला अर्धा तास लागला.

बांध टिकला. पण बांधाखालची तीन शेतं खाऱ्या पाण्याखाली गेली. आठवड्यात रोपं पिवळी पडली. त्यातलं एक आमचं होतं.

मी पेटी उघडून बघितली. हिरवा दिवा लागलेला, सगळं व्यवस्थित. आणि पडद्यावर तारीख, एकोणीसशे सत्तरची. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पंचांगाच्या हिशेबानं ताडून पाहिलं तर सत्तरमधला तो दिवस भांगाचा निघाला. म्हणजे पेटी तिच्या परीनं बरोबर होती. त्या दिवशी भोंगा वाजवायचं कारणच नव्हतं.

दोन दिवसांनी गावकी बसली. मी रजा काढून गेले होते. काय सांगायचं ते पाठ केलं होतं: चूक माझी, बाबांचा काही संबंध नाही. अध्यक्षांनी विचारलं, "भोंगा का नाय वाजला?"

मी उठायच्या आत बाबा उठले. "पेटीचा काय दोष नाय. जाताना मीच वायर काढून ठेवली व्हती. मना भरवसा नव्हता. आल्यावर गुपचूप परत लावली."

मी थक्क झाले. चाळीस वर्षांत एक भरती न चुकवलेला माणूस सगळ्यांदेखत सांगत होता की त्यानं उघाडी उघडी टाकली. आणि लोकांचे चेहरे! सगळ्यांना बरं वाटलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. म्हातारा चुकला, मशीन बरोबर. कुणीतरी म्हणालं, "वय झालं, चालायचंच." पाच मिनिटांत ठरलं की यापुढे उघाडी काका राखतील. काका मान खाली घालून बसले होते. उठताना अध्यक्ष मला म्हणाले, "ताई, पलीकडच्या गावाला पन अशी पेटी पायजे म्हनतात."

मी मान डोलावली. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं. मी मान डोलावली आणि हसलेही.

वाटेत बाबांना गाठलं. रडू फुटलं होतं. म्हटलं, "माझ्यासाठी कशाला खोटं बोललात? मी सांगणार होते."

"तुझ्यासाठी नाय गो," ते म्हणाले, आणि चालत राहिले. मला तोंडात मारल्यासारखं झालं. "मी चुकलो म्हनलं तर लोक चार दिवस बोलतील नि गप बसतील. पेटी चुकली म्हनलं तर पुढच्या उधाणाला भोंग्याला कोन उठनार? माझा गुडघा काय परत येत नाय. मग शेतं कोन राखनार, सांग."

मी त्यांचा त्याग वगैरे समजून रडत होते, आणि हा माणूस तेव्हाही उघाडीच राखत होता.

जरा पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "आता बरोबर केलीस ना?"

"केली." एमचं परत वाय. एक बटण. नेटवर्क काढून, सेलवर, चाळीस वेळा वायर उपसून परत लावून बघितली होती. आतली बॅटरीही मोठी घातली.

"नक्की?"

याआधी मी पटकन 'नक्की' म्हटलं असतं. त्या दिवशी म्हटलं, "पौर्णिमेला मी इथेच असेन."

आणि होते. पौर्णिमेला सकाळी साडेनवालाच बांधावर जाऊन पेटीवरची वेळ वाचली, तारीख वाचली, परत वाचली. घरी आले तर आईनं पानं घेतली होती. बाबा जेवायला बसले. आई माझ्या कानाशी म्हणाली, "लग्न झाल्यापास्न पौर्णिमेला ह्यांनी इतक्या लवकर घरात पान मांडू दिलं नव्हतं." दहाला काही मिनिटं असताना भोंगा वाजला, अगदी वेळेवर, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा. पलीकडच्या घरातून काका निघाल्याचा आवाज आला. बाबांनी घास तोंडाशी नेला होता. तो तसाच हातात घेऊन ते उभे राहिले, दारापर्यंत गेले. मग त्यांच्या लक्षात आलं. परत येऊन पाटावर बसले, आणि आईनं त्यांना आमटी वाढली.