जावेची रडकी गाणी आणि माझी घोड्याची

मला रडकी गाणी आवडत नाहीत. गाणं ढोलकीवर चालणारं हवं, ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलला पाहिजे. सिनेमातही मला खलनायक बरा वाटतो. त्याला काय हवं ते तो तोंडानं सांगतो. नायक-नायिका एकमेकांना एक वाक्य सांगायला मध्यंतरापर्यंत वेळ लावतात आणि मग कापसाच्या शेतातून हात पसरून पळतात. पऱ्हाटीतून असं कोणी पळून दाखवावं. बोंडांच्या वाळल्या टोकांनी हात कोपरापर्यंत ओरबाडून निघतील. सिनेमावाले कधी कापूस वेचायला आले नाहीत, एवढं त्यावरून कळतं.

माझ्या थोरल्या जावेचं सगळं उलटं. तिला विरहाची गाणी लागत. जितकं संथ तितकं चांगलं. उमरखेडला सिनेमा पाहायला एसटीनं जायचो, तर ही येताना नांदेड रस्त्याच्या फाट्यापर्यंत नाक पुसत असायची आणि म्हणायची, फार छान होता.

आमची शेतं लागून आहेत. वेचणीच्या दिवसांत रेडिओ दोन शेतांमधल्या धुऱ्यावर ठेवायचा, कमरेला कापसासाठी ओटी बांधायची आणि दोघींनी शेजारशेजारच्या ओळी धरायच्या. तिचं गाणं लागलं की ती डोळे मिटून जागच्या जागी उभी राही. हात बोंडावर, पण कापूस काही निघत नसे. मी ओळ संपवून परत यायची तरी ही तिथंच.

"काहून वो बाई, झोपल्या का?" मी म्हणायची. "दात दुखल्यावानी गाऊन राह्यला तो. त्याले लवंग द्या."

"तुले काय समजते?" डोळे न उघडता ती म्हणे. "तुही गानी मानसासाठी नाहीच. वरातीतल्या घोड्यासाठी हायेत."

माझं गाणं लागलं की ती तोंड वाकडं करून पदर कानावर घट्ट ओढून घेई. शेताच्या वाटणीवरून आमचं भांडण झालं नाही. झालं ते गाण्यांवरून.

मागच्या पोळ्याच्या सुमारास तिला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आणलं आणि ओसरीत खाट टाकली. उशाशी भजनाचा डबा ठेवला. हातात मावेल एवढा असतो, बटन दाबलं की दिवसभर भजनं वाजवतो. आमच्याकडे हा डबा एखाद्याच्या उशाशी आला म्हणजे घरच्यांनी मनातून त्याला सोडलं असं समजायचं. कानावर देवाचं नाव पडलं पाहिजे म्हणतात. त्या माणसाला भजनाची आवड होती की नाही, हे कोणी विचारत नाही. माझी जाव एकादशीच्या भजनाला जायची ती नंतरच्या चहासाठी.

ती काही बोलत नाही, मान हलवत नाही, म्हणून तिला समजतही नाही असं घरात ठरून गेलं. तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलायचे. तिची सून भांडं घासावं तसं तिचं अंग पुसायची. वाईट नाही ती, पण घाईत असायची.

मग कापूस घरी यायला लागला. एका दुपारी मी गेले तर तिचा मुलगा, माझा पुतण्या, खाट उचलायच्या तयारीत. म्हणे ओसरी कापसाला पाहिजे, आई मागच्या खोलीत. त्या खोलीत गुरांच्या ढेपेची पोती असतात आणि खिडकी नाही.

"तिथं कायले?" मी विचारलं.

"काकू, तिले आता कुठी ठेवलं तरी सारखंच. काही समजत नाही तिले."

"कोन सांगतलं?"

"कोनी सांगाले कायले पाह्यजे? दिसून राह्यलं ना."

मी डबा बंद केला. सुनेला म्हटलं, मोबाइलवर हिचं आवडीचं गाणं लाव. तिनं शोधून लावलं, तोच दातदुख्या. जाव डोळे मिटून पडून राहिली. बोटसुद्धा हललं नाही. गाणं पूर्ण झालं.

"पाह्यलं का काकू?" सून म्हणाली.

मलाही तेव्हा तसंच वाटलं. पुतण्यानं खाटेला हात घातला. मग माझ्या लक्षात आलं, की या गाण्याला ती शेतातही कधी हलत नसे. हिला हलवायचं तर नावडतं गाणं पाहिजे.

"आता माहं लाव," मी सुनेला म्हटलं. "वरातीतलं. आवाज मोठा कर."

ढोलकी सुरू झाली. जावेचं तोंड चांगल्या बाजूनं वाकडं झालं. लकव्याचं नव्हे, ते वाकडं तोंड मी आयुष्यभर पाहिलं होतं. डावा हात गोधडीतून बाहेर आला, चाचपडला आणि गोधडी कानावर ओढली.

सुनेनं गाणं थांबवलं, गोधडी खाली आली. परत लावलं, परत वर गेली.

"माय व!" सून सासूकडे पाहून हसायला लागली. "आत्याबाईले तं सगळं समजते!"

पुतण्या हसला नाही. तो खाटेशी बसला. "आई, तुले मांगच्या खोलीत जायचं हाय का?"

तिनं डाव्या हातानं खाटेच्या माचव्यावर चापट मारली. चांगली जोरात.

खाट ओसरीत राहिली. कापूस मागच्या खोलीत गेला, ढेपेची पोती गोठ्यात. सून आता अंग पुसताना पाणी गरम आहे का विचारते आणि हाताकडे पाहते. डबा फडताळात आहे.

मी रोज दुपारी जाते. आधी तिची गाणी लावते. ती डोळे मिटून ऐकते आणि मी वाती वळते. ती गाणी मला अजूनही आवडत नाहीत. शेवटी एक माझं लावते, तिचा हात हलता राहावा म्हणून, आणि मला आवडतं म्हणूनही. पुतण्या रोज खाटेशी बसून तिच्याकडून स्वतःचं नाव वदवून घ्यायचा प्रयत्न करी. संक्रांतीनंतर माझ्या ढोलकीच्या गाण्यात तिनं पहिला शब्द काढला. तोंड वाकडं, शब्द अर्धवट, पण सगळ्यांना समजला.

"बंद."

मी केलं नाही. गाणं संपतच आलं होतं.